खटारा द्या, डॉलर घ्या: एका 'यशस्वी' योजनेचा हिशेब

चांगलं चालतं इंजिन कायमचं कसं मारायचं, याची सरकारी कृती तुम्ही कधी वाचली आहे का? अमेरिकेत २००९ साली ती गाडीविक्रेत्यांना रीतसर कळवली गेली होती. आधी इंजिनातलं ऑइल काढून टाकायचं. त्याच्या जागी साधारण दोन लिटर सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं. मग इंजिन चालू करून सुमारे २००० आरपीएमवर फिरवत ठेवायचं. काही मिनिटांत द्रावणातलं पाणी उडून जातं, आतल्या भागांवर काचेसारखा थर बसतो आणि इंजिन जाम होतं. ते पुन्हा कधीच चालू होत नाही.

त्या उन्हाळ्यात अशी जवळपास ६ लाख ७७ हजार इंजिनं मारली गेली. आणि ही सगळी काही शेवटचे श्वास मोजणारी इंजिनं नव्हती बरं का. गाडी चालू स्थितीत हवी, वर्षभर त्याच मालकाच्या नावावर हवी, वर्षभराचा विमा हवा, असा नियमच होता. म्हणजे अंगणात गंजत पडलेली गाडी चालणार नव्हती. काल-परवापर्यंत रस्त्यावर धावणारीच हवी होती.

या योजनेचं कागदोपत्री नाव 'कार अलाउन्स रिबेट सिस्टिम'. लोकांनी तिला 'कॅश फॉर क्लंकर्स' म्हटलं. क्लंकर म्हणजे आपला खटारा. सार्वजनिक अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना ही योजना फार आवडते, कारण ती छोटी होती, तिला ठरलेली सुरुवात आणि शेवट होता, आणि गाड्यांच्या नोंदणीमुळे आकडेवारी भरपूर मिळते. तिच्यावर झालेलं संशोधन वाचताना मला जे खटकलं आणि जे पटलं, ते आज तुमच्यासमोर मांडते. योजना फसली की नाही, एवढाच प्रश्न नाही. ती फसल्याचं तेव्हा कुणाला दिसलं का नाही, हा जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे.

योजना काय होती?

काळ आठवा. २००८ चं आर्थिक संकट ताजं होतं. ३० एप्रिल २००९ ला क्रायस्लरने आणि १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता. २००७ मध्ये अमेरिकेत वर्षाला १ कोटी ६० लाखांच्या आसपास नव्या गाड्या विकल्या जायच्या. २००९ मध्ये तो आकडा १ कोटी ४ लाखांवर आला. काहीतरी करणं भागच होतं.

तोडगा निघाला तो असा. तुमची जुनी गाडी गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी देत असेल, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला ७.६ किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, तर ती विक्रेत्याकडे द्या. त्याबदल्यात जास्त अ‍ॅव्हरेज देणारी नवी गाडी घ्या. सरकार ३५०० किंवा ४५०० डॉलर भरेल. जुन्या गाडीचं इंजिन विक्रेता मारून टाकेल आणि सांगाडा पुढे भंगारात जाईल.

म्हणजे एका दगडात दोन पक्षी: गाड्यांचा धंदा सावरेल आणि हवाही स्वच्छ होईल. हे दोन पक्षी लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच आहे.

जुलैच्या शेवटी अर्ज घ्यायला सुरुवात झाली. १०० कोटी डॉलरची तरतूद आठवड्याभरात संपत आली. काँग्रेसने घाईघाईने आणखी २०० कोटी मंजूर केले. २४ ऑगस्टला योजना बंद झाली तेव्हा सुमारे २८५ कोटी डॉलर वाटून झाले होते. परिवहन मंत्री रे लाहूड यांनी योजना कमालीची यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्रांतही सूर बहुतेक तोच होता.

इथेच पहिली गडबड आहे. पैसे लवकर संपले, हा यशाचा पुरावा कसा काय? कुणी चौकात उभं राहून पाचशेच्या नोटा वाटल्या, तर त्याही पटापट संपतील. त्यातून एवढंच कळतं की लोकांना फुकटचे पैसे आवडतात. नोटा वाटल्या नसत्या तर काय झालं असतं, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर शोरूमसमोरच्या रांगेकडे बघून मिळत नाही.

जे घडलं नसतं ते कसं मोजायचं?

अतिफ मियान आणि अमीर सुफी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यासाठी एक साधी युक्ती वापरली. त्यांचा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. युक्ती अशी: काही शहरांत योजनेत बसणारे खटारे आधीपासूनच खूप होते, काही शहरांत कमी. योजना सगळ्या देशाला लागू असली, तरी जिथे खटारेच कमी तिथे तिचा परिणाम कमी होणार. मग जास्त खटारेवाल्या शहरांत विक्री किती जास्त वाढली, ते बघायचं.

त्यांना असं दिसलं की जुलै-ऑगस्टमध्ये योजनेमुळे साधारण ३ लाख ७० हजार गाड्या जास्त विकल्या गेल्या. आता वरचा आकडा आठवा: अनुदान मिळालं ६ लाख ७७ हजार गाड्यांना. म्हणजे उरलेल्या सुमारे ३ लाख ७ हजार लोकांनी, ढोबळमानाने ४५ टक्क्यांनी, त्या दोन महिन्यांत गाडी तशीही घेतलीच असती. सरकारने त्यांना नुसतं बक्षीस दिलं. २८५ कोटींना ३ लाख ७० हजारांनी भागलं, तर एका 'जास्तीच्या' गाडीमागे सरासरी ७७०० डॉलर पडले.

पण खरी मेख पुढे आहे. योजना संपल्यावर त्याच शहरांतली विक्री इतरांपेक्षा खाली गेली, आणि खाली जातच राहिली. मार्च २०१० येईपर्यंत, म्हणजे योजना संपून सातच महिन्यांत, जवळपास सगळी वाढ पुसली गेली होती. ज्यांनी गाडी ऑक्टोबरात किंवा जानेवारीत घेतली असती, त्यांनी ती ऑगस्टमध्ये घेतली, इतकंच.

आपल्याला हे समजायला फार लांब जायला नको. दसऱ्याच्या मुहूर्तावर शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. म्हणून काय दसऱ्यामुळे महाराष्ट्रातल्या एकूण गाड्या वाढतात, असं कुणी म्हणत नाही. पितृपक्षात थांबलेली आणि पुढच्या महिन्यात होऊ शकणारी खरेदी त्या एका दिवशी एकवटते. अमेरिकन सरकारने २८५ कोटी डॉलर खर्चून एक मुहूर्त काढला.

आता तुम्ही म्हणाल, अहो पण मंदीत खरेदी अलीकडे ओढणं हाच तर उद्देश असतो! बरोबर आहे. हा आक्षेप हलका नाही. मागणी अगदी तळाला असताना चांगल्या दिवसांतली खरेदी वाईट दिवसांत आणता आली, तर ते शहाणपणच ठरेल. पण त्यासाठी ती पुरेशा लांबून आणावी लागते. २०१२ मधली मागणी २००९ मध्ये आणली असती तर गोष्ट वेगळी. इथे ऑगस्ट २००९ मध्ये जे भरलं ते २००९-१० च्या हिवाळ्यातून उपसलेलं होतं, आणि त्या ऑक्टोबरात तर बेरोजगारी १० टक्क्यांवर पोचली होती. एका खड्ड्यातली माती काढून शेजारच्या खड्ड्यात भरली, असा प्रकार. जास्त खटारे असलेल्या शहरांत रोजगार वाढल्याचा, घरांच्या किमती सावरल्याचा किंवा कर्जं कमी थकल्याचाही पुरावा या दोघांना सापडला नाही.

१८ आणि १९ च्या मधली भिंत

दुसरा निबंध मला जास्त आवडतो. मार्क होएकस्ट्रा, स्टीव्हन पुलर आणि जेरेमी वेस्ट या तिघांचा, २०१७ सालचा. त्यांनी टेक्सासमधल्या गाड्यांच्या नोंदणीची आकडेवारी घेतली आणि नियमातल्या त्या १८ च्या रेषेवर बोट ठेवलं.

विचार करा. एका घरातली जुनी गाडी गॅलनला १८ मैल देते, शेजारच्या घरातली १९. दोन्ही घरं जवळजवळ सारखीच: तसंच उत्पन्न, तशीच गाडी, तेवढीच गरज. पण पहिलं घर योजनेत बसतं आणि दुसरं बसत नाही. रेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांची तुलना केली, की योजनेचा परिणाम वेगळा काढता येतो. शाळेत ३५ गुणांना पास आणि ३४ ला नापास असतं ना? ३४ वाला आणि ३५ वाला यांच्या हुशारीत काही फरक नसतो. पुढे त्यांच्यात जो फरक पडतो तो त्या शिक्क्यामुळे. हीच कल्पना.

खरेदी अलीकडे ओढली गेली, हे त्यांनाही दिसलं. रेषेच्या दोन्ही बाजूंची घरं काही महिन्यांतच बरोबरीत आली. पण त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली: लोकांनी कोणती गाडी घेतली? अनुदान हवं तर नवी गाडी जास्त अ‍ॅव्हरेजची हवी. जास्त अ‍ॅव्हरेजची गाडी म्हणजे बहुतेक वेळा लहान गाडी, आणि लहान गाडी म्हणजे स्वस्त गाडी. योजना नसती तर ज्या घराने काही महिन्यांनी मोठी, महागडी गाडी घेतली असती, त्याने आता लहान घेतली. योजनेत सर्वाधिक जमा झालेली गाडी होती फोर्ड एक्सप्लोरर, आणि सर्वाधिक विकली गेलेली टोयोटा कोरोला. यावरून काय ते समजा.

हिशेबाचा शेवट असा झाला की साधारण दहा महिन्यांच्या काळात गाड्यांची संख्या तेवढीच राहिली, पण नव्या गाड्यांवर खर्च झालेली एकूण रक्कम घटली. गाडी उद्योगात पैसा ओतण्यासाठी आखलेल्या योजनेने त्या उद्योगाचं उत्पन्न कमी केलं!

ते दोन पक्षी आठवतात? दगड एकच होता, आणि एका पक्ष्याला मारताना तो दुसऱ्यापासून दूर गेला. पर्यावरणाची अट जितकी कडक, तितकी गाडी लहान आणि धंद्याची कमाई कमी. अट सैल करावी, तर हवेचा फायदा जातो. ही चूक अंमलबजावणीतली नव्हती. ती आराखड्यातच होती.

मग हवा तरी सुधारली का?

थोडी सुधारली. दिलेल्या गाड्यांचं सरासरी अ‍ॅव्हरेज गॅलनला १५.८ मैल होतं, घेतलेल्यांचं २४.९. पण किंमत बघा. शानजून ली, जोशुआ लिन आणि एलिशिबा स्पिलर यांनी शेजारच्या कॅनडाशी तुलना करून हिशेब काढला. एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवायला ९२ ते २८८ डॉलर पडले. २०१० मध्ये अमेरिकन सरकारच एका टनामुळे होणारं नुकसान सुमारे २१ डॉलर धरत होतं. त्या मापाने हा व्यवहार महागच.

मात्र इथे टीकाकारांनाही थोडं थांबायला हवं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तोच आकडा १९० डॉलरवर नेला. या मापाने बघितलं तर निकाल एवढा स्पष्ट राहत नाही. माप बदललं की त्याच योजनेचा निकाल बदलतो, हे टीका करणाऱ्यांनी सांगायला हवं. बरेच जण सांगत नाहीत.

जे कुठल्याही मापाने समर्थनीय नाही, ते म्हणजे अनुदानाचे टप्पे. नवी कार जुनीपेक्षा गॅलनला १० मैल जास्त देत असेल, तर ४५०० डॉलर. आता दोन माणसं घ्या. एक १४ वरून २४ वर गेला, दुसरा १८ वरून २८ वर. दोघांचा फरक १०, दोघांना तेवढेच पैसे. पण हजार मैलांना पहिल्याचं इंधन वाचतं जवळपास ३० गॅलन, दुसऱ्याचं २० गॅलन. म्हणजे पहिला दीडपट वाचवतो, पैसे मात्र सारखेच. आणि पिकअप किंवा एसयूव्ही घेणाऱ्याला तर अवघ्या २ मैलांच्या सुधारणेवरही ३५०० डॉलर मिळत होते. पर्यावरण हा खरोखर हेतू असता, तर किती इंधन वाचतं यावर पैसे ठरले असते.

टीकेवरची टीका

या योजनेविरुद्ध सगळ्यात जास्त ऐकू येणारा आरोप असा: लाखो चालू गाड्या नष्ट केल्या, म्हणून जुन्या गाड्यांचे भाव भडकले आणि गरिबांचं नुकसान झालं. ऐकायला अगदी पटतं. मला मात्र तो जसाच्या तसा मान्य नाही.

आकडे बघू. तेव्हा अमेरिकेत रस्त्यावर जवळपास २५ कोटी गाड्या होत्या. त्यातल्या ६ लाख ७७ हजार म्हणजे शेकडा ०.३ सुद्धा नाहीत. त्यातल्याही काही एक-दोन वर्षांत तशाही मोडीत निघाल्या असत्या. पुढच्या वर्षांत जुन्या गाड्या महागल्या हे खरं, पण त्यामागे मोठं कारण साधं होतं: २००८ आणि २००९ मध्ये नव्या गाड्याच फार कमी विकल्या गेल्या. आज नवी गाडी विकली नाही, तर तीन वर्षांनी जुनी गाडी येणार कुठून? मंदीने केलेल्या नुकसानीचं बिल या योजनेच्या नावावर फाडणं योग्य नाही.

पण आरोपाच्या गाभ्यात एक खरी गोष्ट आहे, आणि ती भावांपेक्षा महत्त्वाची आहे. ४५०० डॉलरचा लाभ घ्यायला आधी नवी गाडी परवडायला हवी. २००९ मध्ये नोकरी गेलेल्या, कर्ज न मिळणाऱ्या माणसाकडे खटारा होता, पण त्याच्यासाठी योजना नव्हती. तो जुनी गाडी देऊन जरा बरी, चार-पाच वर्षं वापरलेली गाडी घेऊ शकला असता. तेवढ्यानेही इंधन वाचलं असतं. नियमाने ते चालत नव्हतं. नवीच हवी. सुट्या भागांचा धंदा करणाऱ्यांचीही तीच गत: सांगाडा मिळाला, पण सगळ्यात किमती वस्तू म्हणजे इंजिन, ते मारलेलं. म्हणून मी असं म्हणेन की योजनेने गरिबांकडून फार काही हिसकावलं नाही. तिने त्यांना हिशेबातच धरलं नाही.

संशोधनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. १८-१९ ची तुलना रेषेजवळच्या घरांबद्दल बोलते. ज्याची गाडी १२ मैल देते, तो तसाच वागला असेल असं ती सांगू शकत नाही. शहराशहरांची तुलना करणाऱ्या पद्धतीचीही एक अडचण असते: गिऱ्हाईक एका शहरात, कारखाना दुसऱ्याच राज्यात. रोजगार वाढला असेल तर तो गिऱ्हाइकाच्याच शहरात दिसेल असं नाही. तरीही, वेगवेगळ्या आकडेवारीतून, वेगवेगळ्या पद्धतींनी निघालेली उत्तरं एकाच दिशेने बोट दाखवतात, तेव्हा विश्वास वाढतो. ब्रुकिंग्जच्या टेड गेयर आणि एमिली पार्कर यांनी २०१३ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार या योजनेतून निर्माण झालेल्या एका नोकरीमागे सुमारे १४ लाख डॉलर पडले. त्याच पैशात बेरोजगार भत्ता वाढवला असता, तर कितीतरी पटींनी जास्त नोकऱ्या टिकल्या असत्या, असं त्यांचं म्हणणं आहे.

एक योगायोग मला विसरता येत नाही. योजनेत सर्वाधिक खपलेली कोरोला कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटमधल्या कारखान्यातही बनायची. योजना संपली २४ ऑगस्टला, आणि त्याच आठवड्यात टोयोटाने तिथलं उत्पादन थांबवणार असल्याचं जाहीर केलं. १ एप्रिल २०१० ला तिथली शेवटची गाडी बाहेर पडली आणि सुमारे ४७०० कामगार घरी बसले. हे योजनेमुळे झालं असं मुळीच नाही. जनरल मोटर्स त्या भागीदारीतून आधीच बाहेर पडली होती. पण चार आठवड्यांच्या गर्दीला रोजगार समजण्यात काय चुकतं, ते यातून कळतं. कारखाना चालू ठेवायचा निर्णय पुढच्या पाच-दहा वर्षांकडे बघून होतो, ऑगस्टमधल्या रांगेकडे बघून नाही.

आपल्याकडे

हे सगळं इतक्या तपशिलात सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडेही १३ ऑगस्ट २०२१ पासून वाहन भंगार धोरण आहे. ते अमेरिकेच्या योजनेची नक्कल नाही, हे आधी स्पष्ट करते. इथे सरकार नव्या गाडीसाठी रोख पैसे देत नाही. व्यावसायिक गाडीला १५ आणि खासगी गाडीला २० वर्षांनंतर फिटनेस चाचणीचा मुद्दा येतो. गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढली की प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दाखवून नवी गाडी घेतली तर रस्ता करात सवलत: खासगीला २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिकला १५ टक्क्यांपर्यंत.

चांगली गोष्ट अशी की ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं. म्हणजे ज्याला नवा टेम्पो परवडत नाही, त्यालाही काहीतरी हाती लागू शकतं. पण सवलत शेवटी नव्या गाडीच्या किमतीला बांधलेली आहे. जितकी महाग गाडी, तितका कर जास्त, तितकी सवलत मोठी. तिसऱ्या हातचा टेम्पो चालवून पोट भरणाऱ्याला त्या प्रमाणपत्राचे बाजारात किती पैसे मिळतात, यावर हे धोरण न्याय्य आहे की नाही ते ठरेल.

तेव्हा पुढच्या वेळी 'योजनेला उदंड प्रतिसाद' अशी बातमी वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. यातल्या किती जणांनी हे तसंही केलंच असतं? उरलेल्यांची खरेदी किती लांबून अलीकडे आली? आणि ही योजना एका वेळी किती पक्षी मारायला निघाली आहे? तिसऱ्याचं उत्तर एकाहून जास्त असेल, तर आधी हे पाहा, की एकासाठी घातलेली अट दुसऱ्याच्या मुळावर तर येत नाही ना.